शाळकरी मुलांसोबत पर्वतातली सुट्टी: आखणी मुक्कामाच्या उंचीपासून सुरू करा

रात्री अकराच्या सुमारास धाकटी उठून बसली आणि म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय." ती तेव्हा सात वर्षांची होती. समुद्रसपाटीजवळच्या घरातून निघून दोन दिवसांत आम्ही गाडीने ३,४०० मीटरवर पोचलो होतो. प्रवासाने दमली असेल, गाडीत झोप झाली नसेल, असं समजून मी तिचं कपाळ चेपून दिलं आणि तिला थोपटून झोपवलं. सकाळी तिने दुधाचा कप बाजूला सारला, मग उलटी केली. ज्या बर्फासाठी ती महिनाभर दिवस मोजत होती, तो खिडकीतून बघायलाही उठेना. आम्ही सामान बांधलं आणि ९०० मीटर खाली उतरलो. दुपारी तीन वाजता तिने स्वतःहून खायला मागितलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तेव्हापासून आमच्या घरात सुट्टीची आखणी उलट्या बाजूने होते. पूर्वी आम्ही पाहायच्या जागांची यादी करायचो आणि तिच्याभोवती दिवस बसवायचो. आता पहिला प्रश्न असतो, रात्री झोपायचं किती उंचीवर? आणि दुसरा, मुलं एका दिवसात खरंच किती चालतील? बाकी सगळं या दोन उत्तरांच्या मागून येतं. साधारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून, आम्ही ज्या क्रमाने आखणी करतो त्याच क्रमाने पुढे लिहिते आहे.

आधी उंची, मग ठिकाण

वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण सहज म्हणतो. खरं तर त्याचं हवेतलं प्रमाण सगळीकडे जवळपास २१ टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. ३,००० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. धाकटीला झाला तो हा उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे दिसू लागतो, बहुतेकदा पोचल्यावर ६ ते १२ तासांत. म्हणूनच दिवसभर छान हुंदडलेलं मूल रात्री रडत उठतं. धडधाकट, खेळाडू मुलालाही तो होऊ शकतो. मूल किती दणकट आहे यापेक्षा ते किती भराभर वर आलं, यावर तो जास्त अवलंबून असतो.

मुलांना घेऊन पहिल्यांदाच पर्वतात जात असाल, तर माझं स्पष्ट मत आहे की मुक्काम १,५०० ते २,५०० मीटरच्या दरम्यान ठेवा. जंगल, झरे, थंडी, ढग, लांबवर दिसणारी शिखरं, सगळं या पट्ट्यात मिळतं. मुलांना उंचीचा आकडा गाठायचा नसतो, तो हट्ट आपला मोठ्यांचा असतो.

त्याहून वर जायचंच असेल तर डॉक्टर सांगतात तो नियम काटेकोर पाळा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. इथे मोजायची ती झोपायची उंची. दिवसा वर चढून रात्री खाली येऊन झोपलात तर ते उलट चांगलं, त्याने शरीर हळूहळू रुळतं.

समजा घर समुद्रसपाटीजवळ आहे आणि हाताशी आठ दिवस आहेत. पहिला दिवस प्रवासाचा, मुक्काम १,८०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी तिथेच थांबा. तिसऱ्या दिवशी सावकाश २,५०० मीटरवर जा आणि तिथे सलग चार रात्री काढा. त्यातल्या एखाद्या दिवशी ३,००० मीटरपर्यंत फिरून संध्याकाळी परत खाली या. सातव्या दिवशी निम्म्या वाटेपर्यंत उतरा, आठव्या दिवशी घर. यात ३,५०० मीटरवरचा मुक्काम बसत नाही. तो बसवायचा तर दिवस वाढवायला हवेत. दिवस तेवढेच ठेवून उंची वाढवली, की माझ्या धाकटीला झालं तसं होतं.

राहायच्या जागेची नेमकी उंची बुकिंगच्या आधी नकाशावर बघून घ्या. गावाच्या नावापुढे लिहिलेली उंची बाजारपेठेची असते, आणि तुमची खोली तिच्या बरीच वर असू शकते.

दोन मुक्काम पुरे

रोज नवीन जागी सामान उघडायचं आणि सकाळी पुन्हा भरायचं, यात मुलं जेवढी कंटाळतात तेवढी चालण्याने कंटाळत नाहीत. आठ दिवसांत दोन मुक्काम, फार तर तीन. एकाच जागी तिसऱ्या दिवशी मुलांना आवारातलं कुत्रं ओळखू लागतं, ओढ्याकडे जाणारी पायवाट तोंडपाठ होते, आणि "आज आपण तिकडे जाऊ या" असं तीच सांगू लागतात.

शाळा सुरू व्हायच्या आधी घरी किमान एक पूर्ण दिवस मोकळा मिळेल अशी परतीची तारीख धरा. शिवाय पर्वतातल्या रस्त्यांवर दरड, धुकं, बर्फ यांचा नेम नसतो, म्हणून परतीच्या वाटेवर एक राखीव दिवस हवा. तो वापरावा लागला नाही तर उतरताना नदीकाठी घालवा.

नकाशा मुलांच्या हातात द्या

निघायच्या दोन आठवडे आधीचं हे काम मला सगळ्यांत आवडतं. एक मोठा, जरा वेडावाकडा बटाटा घ्या, त्याचे लांबीत दोन भाग करा. अर्धा भाग सपाट बाजूवर ठेवला की डोंगर तयार. आता त्याचे आडवे, सारख्या जाडीचे काप करा. तळाचा काप कागदावर ठेवून पेन्सिलने त्याची कड गिरवा, मग त्याच जागी वरचा, मग त्यावरचा. कागदावर एकात एक वळसे उमटतात आणि मूल पाहता पाहता म्हणतं, "इथे रेघा चिकटल्यात, म्हणजे इथे कडा आहे!" नकाशावरच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्याला एकदा अशा कळल्या की कायमच्या कळतात. रेषा जवळजवळ आल्या तर चढ खडा, लांब लांब असल्या तर वाट सोपी.

मग खरा नकाशा काढा आणि दोन-तीन पायवाटा तुम्ही निवडून त्यांच्यापुढे ठेवा. कुठली आधी करायची ते मुलांनी ठरवायचं. धबधबा की गुहा, जंगल की उघडा माळ, हे त्यांच्या हातात असू द्या. स्वतः निवडलेल्या वाटेवर मुलांची भुणभुण कमी होते, हे मी दरवेळी पाहिलंय. मोबाइलवर त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा. दऱ्यांमध्ये रेंज जाते, आणि ती हमखास फाट्यापाशीच जाते.

ऋतू आणि दिवसाचं घड्याळ

उंचीनुसार तापमान दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी ३० अंश असताना २,५०० मीटर वर चढलात तर १४ अंशांच्या आसपास आलात. वारा सुटला किंवा अंग ओलं असलं की गारठा आणखी झोंबतो. तारीख ठरवताना त्या भागातल्या रात्रीच्या तापमानाची सरासरी बघा, कारण दिवसाच्या आकड्यावर भरलेली बॅग रात्री अपुरी पडते.

पर्वतात दिवस लवकर सुरू करावा लागतो, आणि त्याला कारण आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळी आकाश निरभ्र असतं. जमीन तापली की हवा उतारावरून वर सरकते, दुपारपर्यंत ढग चढतात आणि गडगडाट सुरू होतो. म्हणून उघड्या धारेवरचं, शिखरावरचं जे काही असेल ते दुपारी बाराच्या आत उरकून खाली यायचं. वीज दिसल्यावर मुलांना सेकंद मोजायला लावा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिरायचं. एकट्या उंच झाडाखाली उभं राहायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

ओढ्यांचंही असंच घड्याळ असतं. बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्याला सकाळी पाणी कमी आणि दुपारी जास्त. सकाळी मुलांनी उड्या मारत ओलांडलेली जागा परतताना गुडघाभर धावत्या पाण्याखाली असू शकते. धरणाच्या खालच्या नदीपात्रात तर मुलांना उतरवूच नका, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. दरीत सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी डोंगराआड जातो. ऊन गेलं की पाच-दहा मिनिटांत मुलांचे दात वाजायला लागतात. सावली पडताना दिसली की लगेच स्वेटर चढवायचे, थंडी वाजायची वाट बघायची नाही.

घाटरस्ता

गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात सगळ्यांत जास्त असतो, म्हणजे शाळकरी मुलं नेमकी त्याच वयात. डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, आतल्या कानाला वळणं जाणवतात, आणि दोघांचा मेळ न बसल्याने मळमळतं. उपायही त्यातूनच निघतो. मोबाइल आणि पुस्तकं बंद, नजर बाहेर, शक्य तितक्या लांबवर. खिडकी थोडी उघडी ठेवा. निघताना पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको, कोरडं काहीतरी थोडं खाऊ द्या. गाडी लागू नये म्हणून द्यायचं औषध घाट सुरू व्हायच्या आधी पोटात जावं लागतं. कुठलं आणि किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. तोंड बांधता येतील अशा पिशव्या, ओले रुमाल आणि एक जोडी कपडे पुढच्या सीटपाशी ठेवा. डिकीच्या तळाशी असलेल्या कपड्यांचा त्या क्षणी काही उपयोग नसतो.

चढताना-उतरताना कानात दडे बसतात. काहीतरी चघळायला द्या, घोट घोट पाणी पाजा, जांभया द्यायला लावा. सर्दी झालेल्या मुलाला उतरताना जास्त दुखतं, म्हणून उतार सावकाश घ्या. दर तासा-दीड तासाने थांबायचं हे चालकाशी आधीच बोलून ठेवा. पहाटे निघून दुपारी पोचणारा प्रवास निवडा. अंधारात, धुक्यात घाट चढायची वेळ येऊ नये.

राहायची जागा

फोन करून चार गोष्टी विचारा. खोलीत ऊब कशाने मिळते, गरम पाणी किती वाजता असतं, गाडीच्या रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि जवळचा दवाखाना किती वेळावर आहे. गच्चीला आणि अंगणाला कठडा आहे का, तेही विचारा. सुंदर दृश्य दिसणाऱ्या जागांच्या कडेला बहुतेक वेळा थेट उतार असतो. खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपताना ते बंदच करायचं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. यावर तडजोड करू नका. जास्तीची पांघरुणं मागून घ्या.

उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३,००० मीटरवर साधारण ९० अंशांना. त्यामुळे स्वयंपाकाला वेळ लागतो आणि जेवण उशिरा येतं, तोवर मुलं भुकेने कासावीस होतात. संध्याकाळसाठी हाताशी खाऊ असू द्या. पाण्याच्या स्वच्छतेची खात्री नसेल तर ते खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसंच ठेवा, २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

चालण्याचा दिवस

आता मुख्य भाग. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट मोठ्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. मुलांसाठी मी सरळ दुप्पट करते. सहा किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर नेस्मिथच्या हिशेबाने पावणेदोन तास होतात, म्हणजे आमचे साडेतीन. आणि ते साडेतीन तास आम्ही खरोखर वापरतो.

घरच्या आसपास दोन-तीन सुट्टीच्या दिवशी मुलांना तेच बूट घालून, तीच सॅक पाठीवर देऊन चालवून बघा. हे खरं मोजमाप. नवे बूट घालून थेट पर्वतात नेऊ नका, चावले की पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि उरलेली सुट्टी त्या फोडाभोवती फिरते. टाच नुसती गरम लागली तरी थांबून सांगायचं, असं मुलांना शिकवून ठेवा आणि तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. ३० किलोच्या मुलाच्या पाठीवर तीन किलो. पाण्याची बाटली, खाऊ, रेनकोट, शिट्टी, एवढंच. पण स्वतःची सॅक त्याला हवीच, त्याने ते मोठं होतं.

निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा आणि मोठ्याने जाहीर करा. "साडेअकराला आपण जिथे असू तिथून मागे वळायचं." धबधबा दहा मिनिटांवर राहिला असला तरी वळायचं. हे जिवावर येतं, मला अजूनही येतं. पण थकलेलं मूल उतारावरच घसरतं, आणि उतरायला लागणारी ताकद चढतानाच संपवून चालत नाही.

चाल सगळ्यांत हळू चालणाऱ्याची. त्यालाच पुढे ठेवा, एक मोठा माणूस शेवटी. पुढे धावणाऱ्या मोठ्या मुलाला काम द्या: प्रत्येक फाट्यावर थांबून सगळ्यांची वाट बघायची. दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी आणि तोंडात टाकायला काहीतरी. थंड, कोरड्या हवेत तहान कळत नाही, पण प्रत्येक श्वासागणिक पाणी बाहेर जात असतं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, हे मुलांना सरळ सांगा, त्यांना ही खूण लक्षात ठेवायला मजा येते.

एकदा ओढ्यापाशी थोरल्याने दगड रचायला सुरुवात केली. आधी एक रांग, मग फटींत चिखल, मग पाणी दुसरीकडून पळालं म्हणून तिथे गवताचा बोळा. धाकटी पानांच्या होड्या आणून ठेवत होती, बांध फुटला की एकदम सोडायला. घड्याळात दोन तास गेले. वरचा माळ राहिला तो राहिलाच. आज त्या सुट्टीचं काय आठवतं असं विचारलं तर दोघंही त्या बांधाचंच सांगतात, आणि थोरला अजून म्हणतो की उजवीकडचा मोठा दगड आधी लावायला हवा होता. म्हणून आता आमच्या प्रत्येक दिवसात पाण्याजवळचे, काहीच न ठरवलेले दोन तास धरलेले असतात.

कपडे

एक जाड कोट घेण्यापेक्षा एकावर एक तीन थर. अंगालगत लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, मध्ये उबेचा, वरून वारा-पाऊस अडवणारा. सुती बनियन घामाने भिजली की अंगाला चिकटून गारठवते. मुलांचं शरीर लहान, त्यामुळे वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि ऊबही मोठ्यांपेक्षा भराभर निघून जाते. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधी एक थर काढायचा आणि थांबल्याबरोबर चढवायचा. कानटोपी, हातमोजे, आणि पायमोजे माणशी एक जोडी जास्त. मुलांचे हातमोजे पहिल्याच दिवशी भिजतात.

ऊनही हलकं धरू नका. दर १,००० मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांपाशी, कानांमागेही सनस्क्रीन लावा. बर्फावर जाणार असाल तर मुलांना चांगला गॉगल हवाच. खेळण्यातला काळा चष्मा घातक, कारण काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरणं जास्त आत शिरतात.

दुखणं ओळखायचं कसं

निघायच्या महिनाभर आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटा. दमा, हृदयाची किंवा फुप्फुसांची तक्रार असेल तर उंचीचा आकडा सांगून सल्ला घ्या. नुकतीच मोठी सर्दी किंवा छातीचा संसर्ग झाला असेल तर उंचावर फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका वाढतो, अशा वेळी वरचा मुक्काम पुढे ढकला. उंचीसाठीच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरच सांगतील, स्वतःच्या मनाने देऊ नका. औषधांच्या पिशवीत वजनानुसार लिहून घेतलेलं पॅरासिटामॉल, ओआरएस, उलटीचं औषध, थर्मामीटर, पट्ट्या आणि रोजची औषधं असू द्या. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त थकवा, ही उंचीच्या त्रासाची लक्षणं. लहान मुलांना ती नीट सांगता येत नाहीत. मूल फक्त किरकिरं होतं, आवडीचं खात नाही, खेळत नाही. उंचावर पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत असं दिसलं, तर दुसरं कारण पक्कं सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरा. आणखी वर जायचं नाही, विश्रांती द्यायची. वाढलं तर उतरायचं. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला, असंबद्ध बोलणं, किंवा तोल जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी लगेच खाली निघायचं आणि दवाखाना गाठायचा. तोल बघायला सोपी परीक्षा आहे: पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. घरी असताना ही खेळ म्हणून करून घ्या, म्हणजे त्या मुलाची नेहमीची चाल तुम्हाला माहीत असते.

मूल चुकलं तर

१९८१ मध्ये कॅलिफोर्नियात नऊ वर्षांचा एक मुलगा डोंगरात हरवला आणि सापडला तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर तिथे मुलांना एक साधी गोष्ट शिकवायला सुरुवात झाली: वाट चुकली की झाडाला मिठी मारून तिथेच थांब. हलणाऱ्या मुलाला शोधणं कठीण असतं, थांबलेल्याला सोपं. आपल्या मुलांना हे निघण्यापूर्वी सांगा, आणि हेही सांगा की हरवलास म्हणून कुणी रागावणार नाही. रागाच्या भीतीने मुलं हाकेला ओ देत नाहीत.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. पर्वतातली मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चचा झोत, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन खुणांचं असतं. सकाळी निघताना मुलांचे त्या दिवशीच्या कपड्यांतले फोटो काढा. कुठली वाट, कधी परत, हे मुक्कामाच्या जागी सांगून जा. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

पावसाचा दिवस

एक तरी पूर्ण दिवस खोलीत जाईल असं धरूनच चला. पत्ते, दोरी, एक वही, रंगाच्या कांड्या पुरतात. आमच्याकडे वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या असतात: झोपायची उंची, सकाळचं तापमान, आणि आज काय सापडलं. थर्मामीटर खिडकीबाहेर टांगायचं काम धाकटीचं. बंद केलेली प्लॅस्टिकची रिकामी बाटली वरून खाली आणली की ती चेपते, हा प्रयोग उतरताना नक्की करा. झाकण वरच्या मुक्कामावर घट्ट लावायचं आणि पायथ्याशी पोचल्यावर बघायचं.

उतरल्यावर पहिल्याच मुक्कामी ओले बूट उघडे करून आत कागदाचे बोळे भरा आणि सावलीत ठेवा. घरी पोचलात की त्याच रात्री, मुलं झोपल्यावर, वही घेऊन बसा: काय न वापरता परत आलं, काय कमी पडलं, कुठल्या दिवशी मुलं खरोखर दमली आणि किती किलोमीटरनंतर. पुढच्या वर्षीची आखणी त्या पानावरून सुरू करा.